मदत हवी आहे: फोटोत कडेला ठेवलेला चेहरा ताणला जातो

फुल फ्रेम कॅमेऱ्यावर (३५ मिमी फिल्मएवढा मोठा सेन्सर) २४ मिमी, म्हणजे रुंद दृश्य टिपणारी लेन्स. चेहरा उजव्या तृतीयांश रेषेवर (फ्रेमचे तीन समान उभे भाग केले की उजवीकडची रेषा), नजर डावीकडच्या मोकळ्या जागेत. मांडणी छान दिसते, पण चेहरा आणखी कडेला सरकला की कानाकडची बाजू ताणून रुंद होते. लेन्स प्रोफाइल (लेन्सचे दोष सुधारणारी सॉफ्टवेअरमधली सेटिंग) लावूनही जात नाही (जाणारही नाही, हा लेन्सचा दोषच नव्हे, सपाट सेन्सरवर रुंद दृश्य उतरवण्याचा परिणाम). मध्यबिंदूवर फोकस लॉक करून कॅमेरा वळवला की एफ १.८ ला (लेन्सचं छिद्र खूप उघडं, त्यामुळे फोकसची खोली अगदी कमी) फोकस डोळ्याच्या मागे जायचा. फोकस पॉइंटच डोळ्यावर सरकवल्यावर ते मिटलं. ताणणं मात्र तसंच.

आता चेहरा मध्याजवळ ठेवून नंतर एका बाजूने क्रॉप करावा, की मागे सरकून ५० मिमी लावावी? क्रॉपमध्ये पिक्सेल जातात, ५० मध्ये मागचा परिसर. मोठ्या प्रिंटसाठी काय निवडाल?