जुनी थकबाकी आणि अडकलेला रिफंड
वडिलांचा आयकराचा रिफंड २०११-१२ सालच्या कराच्या थकबाकीत वळवण्याची नोटीस आलीय आणि 'सोडून द्या' असा सल्ला मिळतोय, असं एकांनी लिहिलंय. कृपया सोडून देऊ नका. आयकर कायदा, १९६१ मधल्या कलम २४५च्या (रिफंड थकबाकीत वळवण्याच्या) नोटिशीला उत्तर द्यायला २१ दिवस मिळतात. गप्प बसलात तर रक्कम वळती होते. आयकर पोर्टलवर 'मागणी बरोबर आहे' (मागणी म्हणजे विभागाने दाखवलेली थकबाकी) यावर चुकूनही क्लिक करू नका, नंतर असहमती नोंदवता येत नाही. असहमती निवडा आणि त्या वर्षीचा फॉर्म १६ (पगारातून कर कापल्याचा मालकाने दिलेला दाखला) जोडा. पगारातून कर कापला पण मालकाने भरलाच नाही, असं असेल तर त्याच कायद्याचं कलम २०५ बघा: कापलेला कर कर्मचाऱ्याकडून पुन्हा वसूल करता येत नाही. हे उत्तरात स्पष्ट लिहा.

शिवाय २०१०-११ ते २०१४-१५ या वर्षांच्या १०,००० रुपयांपर्यंतच्या मागण्या मागे घेण्याची घोषणा फेब्रुवारी २०२४च्या अंतरिम अर्थसंकल्पात झाली होती, तेही तपासा.

म्हाताऱ्या माणसाच्या हक्काचे पैसे आहेत हे, रक्कम लहान म्हणून पाणी कसं सोडायचं? रिफंड उशिरा आला तर त्यावर दरमहा अर्धा टक्का व्याजाची तरतूद आहे. ते जमा झालं का पाहा, आणि पुढच्या रिटर्नमध्ये उत्पन्न म्हणून दाखवा.