गळती स्वतःच पकडून दुरुस्त करणारा प्रशिक्षणार्थी उत्तीर्ण की अनुत्तीर्ण?

धागाकर्ता (प्रशिक्षक)

इंजिनाच्या नेहमीच्या सर्व्हिसिंगच्या प्रात्यक्षिक परीक्षेत नुकताच घडलेला एक प्रसंग मांडतो आणि त्यावर जाणकारांचे मत मागतो. काम साधेच होते. चार सिलिंडरच्या पेट्रोल इंजिनाचे ऑइल व ऑइल फिल्टर बदलायचे, एअर फिल्टर, स्पार्क प्लग, कूलंट आणि पट्टा तपासायचा आणि शेवटी जॉब कार्ड भरायचे. प्रशिक्षणार्थ्याने इंजिन थोडे गरम करून ऑइल काढले, ड्रेन प्लगला (ऑइल काढण्याच्या छिद्राच्या बुचाला) नवा वॉशर घातला, मॅन्युअलमधला आकडा पाहून टॉर्क रेंचने (ठरलेल्या जोरानेच आवळणाऱ्या पान्याने) प्लग आवळला, नव्या फिल्टरच्या रबर रिंगवरून ताज्या ऑइलचे बोट फिरवले आणि फिल्टर हातानेच बसवला. एक गोष्ट मात्र राहून गेली. जुन्या फिल्टरची रिंग त्याच्याबरोबर निघाली की नाही, हे त्याने पाहिले नाही. ती इंजिनाच्या बैठकीला चिकटून राहिली होती आणि नवी रिंग नेमकी तिच्यावर बसली.

पुढे जे झाले ते मला महत्त्वाचे वाटते. इंजिन स्टार्ट केल्यावर ऑइल प्रेशरचा दिवा विझल्याची खात्री करून तो खाली वाकला आणि टॉर्चच्या उजेडात आधी ड्रेन प्लग व मग फिल्टर पाहू लागला. फिल्टरच्या कडेला थेंब धरताना दिसताच, कोणी काही सांगण्यापूर्वीच, त्याने इंजिन बंद केले, फिल्टर उतरवला, बैठकीवरची काळी पडलेली रिंग नखाने सोडवून काढली, बैठक फडक्याने पुसली, फिल्टर पुन्हा बसवला, डिपस्टिक (ऑइलची पातळी दाखवणारी पट्टी) पाहून कमी झालेले ऑइल भरले आणि हा सगळा प्रकार जॉब कार्डावर स्वतःच्या अक्षरात लिहिला. तरीही, ‘जुनी रिंग निघाल्याची खात्री केली’ या अनिवार्य रकान्यात फुली पडल्यामुळे त्याला ‘अद्याप सक्षम नाही’ असा शेरा मिळाला.

त्याच दिवशी दुसऱ्या एका प्रशिक्षणार्थ्याने सर्व पायऱ्या क्रमाने केल्या, परंतु इंजिन चालू असताना तो पाठ फिरवून जॉब कार्ड भरत होता आणि इंजिन बंद झाल्यावर क्षणभर खाली डोकावला. ‘गळती तपासली’ या रकान्यात त्याला बरोबरची खूण मिळाली आणि तो सक्षम ठरला. या दोघांपैकी मी स्वतःचे इंजिन कोणाच्या हाती देईन, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. स्वतःच्या कामावर अविश्वास दाखवून ते पुन्हा पाहण्याची सवय ज्याला लागली आहे, त्याला नापास करणारी परीक्षा चुकीची गोष्ट मोजते, असे माझे मत आहे.

प्रतिसाद १ (परीक्षक)

धागाकर्त्यांची तळमळ समजते, पण निष्कर्ष मान्य नाही. ती गळती परीक्षेच्या पाच मिनिटांत दिसली, हा योगायोग होता. एकावर एक बसलेल्या दोन रिंग्ज, ऑइल गरम आणि पातळ असताना, इंजिन मंद गतीवर फिरत असताना, पुष्कळदा टिकून राहतात. थंड इंजिन स्टार्ट होते तेव्हा ऑइल दाट असते, दाब एकदम चढतो, वरची रिंग बाजूला सरकते आणि बघता बघता संपमधले (इंजिनाच्या तळाच्या भांड्यातले) ऑइल बाहेर येते. प्रेशरचा दिवा लागेपर्यंत बेअरिंगना इजा झालेली असू शकते. ज्या दिवशी थेंब धरला नसता, त्या दिवशी याच प्रशिक्षणार्थ्याने, तितक्याच प्रामाणिकपणे खाली वाकून, सर्व काही ठीक आहे असे लिहिले असते. म्हणून रिंग पाहणे ही पायरी अनिवार्य आहे आणि शेवटची तपासणी कितीही मनापासून केली तरी ती या पायरीची जागा घेऊ शकत नाही.

चेकलिस्टविषयी काहीसा तुच्छतेचा सूर धाग्यात जाणवला, म्हणून आठवण करून देतो. ३० ऑक्टोबर १९३५ रोजी अमेरिकेतील राइट फील्डवर बोइंगचे ‘मॉडेल २९९’ हे बॉम्बर विमान उड्डाण करताच कोसळले, कारण नियंत्रण-पृष्ठे (विमानाला दिशा देणारे हलते भाग) जमिनीवर जखडून ठेवणारे कुलूप काढायचे राहिले होते. चालवणारे नवखे नव्हते, अत्यंत अनुभवी होते. त्यानंतर वैमानिकांसाठी चेकलिस्ट आली. कसलेला माणूसही साधी गोष्ट विसरतो, एवढेच ती गृहीत धरते.

दुसरा मुद्दा समन्यायाचा. वैद्यकीय शिक्षणात डंडी येथील रोनाल्ड हार्डेन आणि सहकाऱ्यांनी १९७५ मध्ये ठरावीक स्थानके आणि ठरावीक गुणपत्रक असलेली परीक्षापद्धत मांडली, कारण तोवर विद्यार्थ्याचे गुण त्याच्या वाट्याला कोणता रुग्ण आणि कोणता परीक्षक येतो यावर फार अवलंबून राहत. इंजिनाच्या परीक्षेतही तेच होते. ‘याचा हात चांगला आहे’ या भावनेवर मी आज एकाला पुढे सोडले, तर उद्या ज्याचा हात मला आवडत नाही त्याला कोणत्या आधारावर अडवणार आणि त्याने कारण विचारल्यावर काय दाखवणार?

प्रतिसाद २ (वर्कशॉप पर्यवेक्षिका)

मला दोघांचेही अर्धे पटते. माझ्याकडे शिकून आलेली मुले-मुली कामाला लागतात तेव्हा त्यांच्या चुका मी दोन गटांत पाहते, दिसणाऱ्या आणि लपणाऱ्या. कूलंटचा क्लिप सैल राहिला, डिपस्टिकवर ऑइल कमी भरले, एअर फिल्टरच्या डब्याचे झाकण नीट बसले नाही, या चुका काम संपल्यावर कोणीही तपासले की दिसतात. त्यासाठी परीक्षकाने प्रशिक्षणार्थ्याच्या खांद्यावरून पाहत उभे राहण्याची गरज नाही, झालेले इंजिन तपासले की पुरे.

लपणाऱ्या चुकांचे तसे नाही. ड्रेन प्लग वाजवीपेक्षा जास्त आवळला तर आज एक थेंबही गळत नाही, उलट काम अगदी पक्के दिसते. पुढच्या सर्व्हिसिंगला प्लग सोडवताना ॲल्युमिनियमच्या संपमधले आटे त्याच्याबरोबर बाहेर येतात, आणि तोवर ज्याने तो आवळला तो दुसरीकडे कामाला लागलेला असतो. स्पार्क प्लगचेही तसेच. प्लग पहिले काही आटे बोटांनी किंवा रबरी नळीच्या तुकड्याने फिरवून बसवायचा असतो, कारण तिरपा शिरू लागला तर बोटांना लगेच अडथळा कळतो. थेट पान्याने फिरवला की पान्याच्या लांबीमुळे तो अडथळा कळतच नाही आणि सिलिंडर हेडमधले आटे मारले जातात. बाहेरून प्लग बसलेलाच दिसतो. इथे निकाल पाहून भागत नाही, काम होताना हात पाहावे लागतात.

म्हणून धागाकर्त्यांना सांगते की केवळ अंतिम परिणामावर पास करणे धोक्याचे आहे, आणि परीक्षकांना सांगते की चाळीस रकान्यांना सारखेच वजन देणारी चेकलिस्ट तितकीच निरुपयोगी आहे. मी एके ठिकाणी पाहिलेल्या यादीत ‘ट्रॉली पुसली’ आणि ‘प्लग हाताने सुरू केला’ यांना एकसारखी खूण होती. परीक्षकाचे लक्ष चाळीस ठिकाणी वाटले जाते आणि ज्या पाच-सहा क्षणी त्याने डोळे रोखून पाहायला हवे, त्याच क्षणी तो मागच्या रकान्यात खूण करत असतो.

प्रतिसाद ३ (माजी प्रशिक्षणार्थी)

या चर्चेत परीक्षेविषयी बरेच बोलले गेले, प्रशिक्षणाविषयी फारच कमी. मी शिकत होते तेव्हा आमच्या इंजिनाचा फिल्टर दर आठवड्याला कोणी ना कोणी बदलत असे. त्यामुळे रिंग कधी चिकटलीच नाही. ती चिकटते कशाने? हजारो किलोमीटर गरम-थंड होत राहिल्यामुळे. ड्रेन प्लग इतक्या वेळा उघडलेला असे की पाना लावताच सुटे. फिल्टर सोडवायला पट्ट्याचा पाना लागतो हे मी वाचले होते, पण तो वापरण्याची वेळ नोकरीच्या पहिल्या आठवड्यात प्रथमच आली, आणि फिल्टरचा पत्रा चेपून बसला.

त्याहून मोठी अडचण टॅपेटची, म्हणजे व्हॉल्व्हला दाबून उघडणाऱ्या भागाच्या फटीची, झाली. इंजिन थंड असावे, पिस्टन कॉम्प्रेशनच्या वरच्या टोकाला असावा, ठरलेल्या जाडीची फीलर गेजची पट्टी टॅपेट आणि व्हॉल्व्हच्या मधून ‘किंचित ओढ देत’ सरकली पाहिजे, हे मला तोंडपाठ होते. ही किंचित ओढ म्हणजे किती, ते मात्र कोणी हाताला दाखवले नव्हते. मी सावधपणे थोडे घट्टच ठेवत असे, कारण सैल टॅपेटचा आवाज येतो आणि आवाज आला की कोणीतरी विचारते. घट्ट टॅपेटचा आवाज येत नाही, परंतु व्हॉल्व्ह आपल्या बैठकीवर पूर्ण टेकत नाही, त्याची उष्णता हेडमध्ये जात नाही आणि त्याची कड जळते. माझ्या वरिष्ठांनी एक दिवस शेजारी बसवून एक टॅपेट मुद्दाम सैल, एक घट्ट आणि एक बरोबर लावले आणि डोळे मिटून तिन्हींत पट्टी सरकवायला सांगितली. दहा मिनिटांत जे कळले, ते वर्षभरात कळले नव्हते.

ज्या प्रशिक्षणार्थ्याविषयी चर्चा चालू आहे, त्याने परीक्षेपूर्वी एकदा तरी चिकटलेली रिंग पाहिली होती का? पाहिली नसेल तर त्या फुलीत शिकवणाऱ्यांचाही वाटा आहे.

धागाकर्ता (प्रशिक्षक)

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर देणे माझे कर्तव्य आहे. त्याने ती पाहिली नव्हती. मी तोंडी सांगितले होते, फळ्यावर आकृतीही काढली होती, पण आमच्याकडचे फिल्टर इतक्या वेळा उतरतात की चिकटलेली रिंग दाखवण्याची वेळच आली नाही, आणि ती मुद्दाम आणावी हे मला सुचले नाही. परीक्षेसाठी त्या दिवशी बाहेरून वापरातले इंजिन आले आणि त्याने आमची उणीव उघडी केली. यापुढे जुनी रिंग बैठकीवर मुद्दाम चिकटवून प्रत्येकाला ती एकदा बोटाने शोधायला लावीन, कारण काळ्या पडलेल्या बैठकीवर काळी रिंग डोळ्यांना चटकन दिसत नाही, बोटाला मात्र तिचा काठ लागतो.

परीक्षकांचा योगायोगाचा मुद्दाही मी मान्य करतो. तो थेंब आला नसता तर माझा सगळा युक्तिवाद उभाच राहिला नसता. परंतु दुसऱ्या प्रशिक्षणार्थ्याबद्दल त्यांनी काहीच लिहिले नाही. त्याच्या रकान्यातली खूण कशाची साक्ष देते?

परीक्षक

त्या खुणेचे समर्थन मी करणार नाही. ‘गळती तपासली’ हे शब्दच ढिले आहेत. तिथे असे लिहिलेले असावे की इंजिन चालू असताना फिल्टर आणि ड्रेन प्लग ही दोन्ही ठिकाणे उजेडात पाहिली, इंजिन बंद करून ऑइल खाली उतरण्याइतका वेळ थांबून डिपस्टिक पाहिली, आणि पातळी वरच्या खुणेच्या पुढे गेलेली नाही याचीही खात्री केली. जास्त भरलेल्या ऑइलला क्रँकशाफ्टचा (पिस्टनांनी फिरणाऱ्या मुख्य दांड्याचा) फटका बसून फेस होतो, आणि फेसाळलेले ऑइल बेअरिंगला सांभाळत नाही. रकाना इतका स्पष्ट असता तर दुसरा प्रशिक्षणार्थी तिथे अडला असता.

मुद्दाम दोष ठेवून परीक्षा घेण्याला माझा विरोध नाही, मात्र दोन अटी आहेत. ठेवलेला दोष पहिला प्रशिक्षणार्थी बाहेर पडताच सर्वांना कळतो, म्हणून तो दर वेळी बदलावा लागेल. दुसरी अट सुरक्षिततेची. कॉमन रेल डिझेल इंजिनाच्या (ज्यात एका सामाईक नळीतून सर्व सिलिंडरना डिझेल जाते) उच्च दाबाच्या नळ्यांवर असा खेळ कधीही करू नये. तिथला दाब २००० बारच्या घरात जाऊ शकतो आणि डोळ्यांना न दिसणारी बारीक धार कातडी भेदून आत शिरते. तिथली गळती हात फिरवून शोधायची नसते, हे तर प्रत्येकाला पहिल्याच दिवशी शिकवले पाहिजे. कूलंटच्या बाबतीतही गरम रेडिएटरचे झाकण उघडायला निघालेल्याला तिथेच थांबवावे लागते, मग त्याची पुढची सगळी कामे निर्दोष का असेनात.

मूळ निकालावर मात्र मी ठाम आहे. त्याला पूर्ण परीक्षा पुन्हा द्यायला लावू नये, फक्त फिल्टरचा भाग, दुसऱ्या इंजिनावर.

वर्कशॉप पर्यवेक्षिका

हे मला मान्य आहे, एक भर घालते. त्याने जॉब कार्डावर स्वतःची चूक लिहिली, ही नोंद पुनर्परीक्षेच्या कागदाला जोडून ठेवावी. माझ्याकडे कामाला आलेल्यांपैकी बहुतेक जण झालेली चूक दुरुस्त करतात, पण लिहीत नाहीत, आणि महिनाभराने तेच इंजिन परत आले की आम्ही कारण शोधत बसतो. त्या ओळीला परीक्षेत गुण नसतील, तर पुढच्या वेळी तीही लिहिली जाणार नाही.

परीक्षक

लिहिण्याला गुण दिले तर लोक गुणांसाठी लिहितील, अशी मला भीती वाटते. जॉब कार्ड पूर्ण भरणे हा रकाना आहेच, आणि त्याने तो पूर्ण केला आहे. त्यापलीकडे प्रामाणिकपणा मोजायला मी तयार नाही.

धागाकर्ता (प्रशिक्षक)

पुनर्परीक्षा फक्त फिल्टरच्या भागाची घ्यायचे ठरवतो. इंजिन असे निवडतो, ज्याचा फिल्टर बराच काळ उघडलेला नाही, आणि परीक्षक त्याला ओळखत नसलेले असतील. जॉब कार्डाची प्रत मी कागदांना जोडणार आहे. परीक्षकांचा त्याला विरोध आहे हे मी खाली नोंदवतो, म्हणजे पुढे ते कागद पाहणाऱ्याला दोन्ही बाजू कळतील.