मदत हवी आहे: 'पोन्ड'ला मराठीत काय म्हणावं?

पानगळ:
ज्येष्ठ नागरिकांसाठी सायबर सुरक्षेचं पत्रक मराठीत करतेय. त्यात 'हॅव आय बीन पोन्ड' (Have I Been Pwned) या साइटवर आपला ईमेल तपासा, असं सांगितलंय. मी 'तुम्ही हॅकिंगचे बळी आहात' असं लिहिलं, पण वाचणारे धास्तावतील. शब्दाचा नेमका अर्थ काय? आणि साइटने 'पोन्ड' म्हटलं की खातं खरंच हॅक झालेलं असतं का?

कळफलक:
मूळ शब्द 'ओन्ड' (owned), म्हणजे ताबा घेतलेला. कळफलकावर 'ओ'ला लागूनच 'पी' आहे. बोट सरकून झालेली चूक गेम खेळणाऱ्यांत रुळली, असं सहसा मानतात. व्हँकुव्हरला २००७ मध्ये सुरू झालेल्या 'पोन टू ओन' स्पर्धेत तो अजून मूळ अर्थानेच आहे: यंत्र फोडायचं आणि ताब्यात घ्यायचं.

सुरक्षातज्ज्ञ ट्रॉय हंट यांनी २०१३ मध्ये काढलेल्या या साइटवर मात्र अर्थ वेगळा आहे. कुठल्या तरी सेवेतून चोरलेल्या नोंदींमध्ये तुमचा ईमेल सापडला, एवढंच. लिंक्डइनच्या २०१२ मध्ये चोरलेल्या १६ कोटींहून अधिक नोंदी २०१६ मध्ये बाहेर आल्या. म्हणून त्या प्रत्येकाच्या खात्यात कुणी शिरलं, असं नाही. तेव्हा 'बळी' काढाच. आपल्याकडे पेपर फुटतो, तशी ही माहिती फुटलेली असते. 'तुमची माहिती फुटली आहे' हे आजीआजोबांनाही लगेच कळेल. 'ताब्यात गेलं' हे शब्द खरोखर कुणी आत शिरलं असेल तिथेच वापरा.

तिसरी घंटा:
हा फरक पत्रकात ठळक करा, कारण उपाय वेगळे आहेत.

माहिती फुटली असेल तर त्या साइटचा पासवर्ड बदलायचा आणि तोच पासवर्ड जिथे जिथे वापरलाय तिथेही बदलायचा. दुसरा भाग लोक विसरतात. चोर ईमेल आणि पासवर्डची फुटलेली जोडी घेऊन आपोआप शेकडो साइटवर लावून बघतात. मग दुहेरी पडताळणी, म्हणजे पासवर्डशिवाय आणखी एक खूण मागणारी सोय, सुरू करायची. पासवर्ड बदलून पुन्हा तपासलं तरी साइट 'पोन्ड'च दाखवते. ती जुन्या चोरीची नोंद आहे, पुसली जात नाही. हे लिहिलं नाहीत तर लोक रोज पासवर्ड बदलत बसतील.

जीमेल ताब्यात गेल्याचा संशय असेल तर नुसता पासवर्ड पुरत नाही. सेटिंग्जमध्ये फॉरवर्डिंग आणि फिल्टर बघा. चोराने तिथे स्वतःचा पत्ता घातला असेल तर नव्या पासवर्डनंतरही तुमची पत्रं त्याला जात राहतात. रिकव्हरीचा फोन आणि ईमेल आपलाच आहे ना, तेही बघा. अनोळखी उपकरणं साइन आउट करा. पैसे गेले असतील तर आधी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन, बाकी नंतर.

पानगळ:
साइटवर पासवर्ड तपासायचीही सोय आहे. तिथे पासवर्ड टाकायला सांगावं का?

कळफलक:
सोय सुरक्षित आहे. तुमचाच ब्राउझर पासवर्डची ४० अक्षरी हॅश (ज्यावरून मूळ पासवर्ड सहज ओळखता येत नाही असं सांकेतिक रूप) काढतो आणि त्यातली पहिली ५ अक्षरंच पाठवतो. तशी सुरुवात असलेल्या शेकडो हॅश परत येतात आणि जुळणी तुमच्याच यंत्रात होते. पण ज्येष्ठांच्या पत्रकात हे नको. 'पासवर्ड कुठेही टाकू नका' असं आपणच शिकवतो, मग त्याच कागदावर अपवाद कशाला? 'इथे फक्त ईमेल टाका, पासवर्ड नाही' असं लिहा.