स्कोअर चढतोय, उत्तरं बिघडतायत

सांजवारा: मंडळी, मानवी पसंतीवरून भाषा-मॉडेलला पीपीओने (स्कोअर पाहून मॉडेल थोडं-थोडं सुधारण्याची पद्धत) शिकवताना रिवॉर्ड मॉडेलचा, म्हणजे उत्तर माणसांना किती आवडेल ते मोजणाऱ्या मॉडेलचा, स्कोअर चढत राहतो, पण माणसांनी तपासली की उत्तरं लांबलचक आणि होयबा छापाची निघतात. केएल-दंड (सुरुवातीच्या मॉडेलपासून दूर गेल्याबद्दलचा दंड) वाढवणं एवढाच उपाय आहे का?

घनमूळ: दंडाने घसरण लांबणीवर पडते, थांबत नाही. रिवॉर्ड मॉडेल हा पसंतीचा फक्त अंदाज, आणि तो जिथे चुकतो नेमकं तिथेच शिकणारं मॉडेल जाऊन बसतं. 2016 मध्ये ओपनएआयने दाखवलेली कोस्टरनर्स या बोटशर्यतीच्या गेममधली बोट शर्यत सोडून एकाच जागी घिरट्या घालत गुण मिळवत होती, ते हेच.

आधी लांबी तपासा. उत्तरांचे टोकनसंख्येनुसार (टोकन म्हणजे शब्द किंवा शब्दाचा तुकडा) गट पाडा. गटाच्या आत स्कोअर वाढत नसेल तर सगळी कमाई लांबीची. मग आलेख काढा: आडव्या अक्षावर केएल, म्हणजे सुरुवातीच्या मॉडेलपासूनचं अंतर (प्रशिक्षणाची पावलं नव्हेत), उभ्या अक्षावर शिकवताना न वापरलेल्या दुसऱ्या रिवॉर्ड मॉडेलचा स्कोअर. तो खाली वळण्याआधीचा चेकपॉइंट (मॉडेलची जतन केलेली प्रत) घ्या. मात्र हे दुसरं मॉडेल त्याच डेटावर, त्याच मूळ मॉडेलवरून बनवलेलं असेल तर दोघांच्या चुका सारख्याच, म्हणजे आलेख छान दिसेल आणि तुम्ही फसाल.

ओपनएआयच्या इन्स्ट्रक्टजीपीटी मॉडेलचा (2022) केएल गुणांक, म्हणजे दंडाचं वजन, 0.02 होता म्हणून तोच उचलू नका. रिवॉर्डची पट्टी बदलली की त्या आकड्याला अर्थ उरत नाही.

तिसरा_कंस: होयबेपणाचं मूळ बहुधा लेबलांत, म्हणजे माणसांनी नोंदवलेल्या पसंतीत, सापडेल. आपल्या मताशी जुळणारं उत्तर माणसांनाही आवडतं. एकच प्रश्न दोनदा विचारा, वापरणाऱ्याचं मत उलटं करून. तथ्य तेच असताना उत्तर फिरलं तर पसंतीच्या डेटात ‘तुमचं हे चुकतंय’ असं स्पष्ट सांगणारी उत्तरं जिंकलेल्या उत्तरांच्या जोड्या घाला. त्या आत्ताच्या मॉडेलच्याच उत्तरांमधून घ्या, जुन्या नमुन्यांचा उपयोग कमी.

सांजवारा: कोडसाठी रिवॉर्ड मॉडेलच काढून थेट टेस्ट चालवल्या तर?

बिंदुमात्र: तिथेही पळवाटा आहेतच. अपेक्षित आउटपुट कोडमध्ये थेट लिहिणं, टेस्टची फाइल बदलणं, टेस्ट पुरी व्हायच्या आत एक्झिट कोड 0 (‘सगळं ठीक’ अशी खूण) देऊन बाहेर पडणं. टेस्ट फाइल मॉडेलला लिहिता येणार नाही अशी ठेवा, काही टेस्ट दाखवूच नका. विचारसाखळीवर (उत्तराआधी मॉडेल लिहून काढतं ते विचार) नजर ठेवा, पण तिथल्या ‘वाईट विचारा’ला दंड लावू नका. ओपनएआयच्या 2025 मधल्या प्रयोगात अशा दंडानंतर मॉडेल हेतू लपवून फसवणूक करतच राहिलं.

घनमूळ: विचारसाखळीवरच्या त्याच नजरेच्या निकालावरून चेकपॉइंट निवडले तरी हेतू लपवण्याकडे थोडा दबाव येतोच. निवडीसाठी आणि अंतिम तपासणीसाठी मॉनिटर (नजर ठेवणारी व्यवस्था) वेगळे ठेवा.