सहा महिन्यांचा 'नर्सिंग कोर्स' की एएनएम? सोलापुरातल्या कुणीतरी नीट सांगा

विडी घरकुल:
नमस्कार. मी कुंभारीच्या विडी घरकुलात राहते. यंदा बारावी आर्ट्स झाले, ६१ टक्के पडले. मला नर्स व्हायचंय. मागच्या वर्षी साखरेमुळे आजीच्या पायाचा अंगठा काढावा लागला, तेव्हा सिव्हिलमध्ये तिच्याजवळ मीच राहायचे. ड्रेसिंगला येणाऱ्या एक सिस्टर आधी आजीशी तेलुगूत दोन शब्द बोलायच्या. मग चिकटलेल्या पट्टीवर सलाईन ओतून ती भिजू द्यायच्या, ओढून काढायच्या नाहीत. आजी त्यांची वाट बघायची. मला ते काम यायला पाहिजे, असं तेव्हापासून वाटतंय.

आता शहरातल्या एका संस्थेत चौकशी केली. सहा महिन्यांत नर्स, फी ४५ हजार, नोकरीची हमी म्हणतात. वर असंही सांगलालेत की अमेरिकेत एलपीएन म्हणून नर्स असतात, तिकडं पण छोटाच कोर्स असतो, आमच्या सर्टिफिकेटवर दोन-तीन वर्षांत पाठवू. शनिवारपर्यंत १० हजार भरून सीट पक्की करा म्हणाले. अम्मा विड्या वळते, पप्पा टॉवेलच्या कारखान्यात आहेत. अम्माने भिशी उचलून पैसे काढून ठेवलेत. पण मैत्रीण म्हणते एएनएमच (ऑक्झिलिअरी नर्सिंग अँड मिडवाइफरी) कर. दोन्हीत फरक काय? आर्ट्सवाल्या मुलीला काय काय करता येतं?

निवृत्त आरोग्य सहाय्यिका:
बाळा, शनिवारी पैसे भरू नकोस. आधी हे सगळं वाच, आणि अम्मालाही वाचून दाखव.

मी एएनएम करून जिल्हा परिषदेत आरोग्य सेविका म्हणून लागले. दक्षिण सोलापूर आणि अक्कलकोटकडच्या आरोग्य उपकेंद्रांवर नोकरी झाली, आणि शेवटी आरोग्य सहाय्यिका म्हणून निवृत्त झाले. म्हणून सांगते, नर्स कोण हे कोर्सच्या नावावर ठरत नाही, नोंदणीवर ठरतं. मान्यता असलेल्या शाळेत शिकायचं, राज्याच्या शुश्रूषा व परावैद्यक शिक्षण मंडळाची परीक्षा पास व्हायचं आणि मग महाराष्ट्र परिचर्या परिषदेत नाव नोंदवायचं. तो नोंदणी क्रमांक हातात आला की तू नर्स. सहा महिन्यांच्या सर्टिफिकेटवर तो क्रमांक मिळत नाही. झेडपीची जाहिरात आली की पात्रतेत हीच नोंदणी मागतात, आणि तिथं तुझा अर्ज छाननीतच बाजूला पडेल.

सहा महिन्यांचे सगळेच कोर्स खोटे, असं मी म्हणत नाही. रुग्णाची स्वच्छता, भरवणं, कूस बदलणं, चादर बदलणं शिकवणारे जनरल ड्युटी असिस्टंटचे कोर्स सरकारी कौशल्य योजनेतही आहेत. ते काम मोलाचं आहे. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला दर दोन तासांनी कुशीवर वळवणारं कुणी नसलं की पाठीला जखमा होतात. पण त्या कामाला नर्स म्हणून विकणं ही फसवणूक आहे. त्या मुलींना पुढं छोट्या दवाखान्यात इंजेक्शन द्यायला लावतात आणि काही बिघडलं की त्यांच्या पाठीशी कायद्यानं कुणी नसतं. याचा मला मनापासून राग येतो, कारण अशा मुली मी बघितल्यात. हुशार, कष्टाळू, आणि वर्ष-दोन वर्षांनी कळतं की कुठंच नोंद नाही.

आता तुझ्यासमोर काय आहे ते बघ. एएनएम दोन वर्षांचं असतं. १८ महिने शिक्षण आणि ६ महिने इंटर्नशिप. बारावी कुठल्याही शाखेची चालते. वयाची १७ पूर्ण पाहिजेत आणि ३५ पर्यंत मुभा आहे. हा कोर्स फक्त मुलींसाठी आहे. जीएनएम, म्हणजे जनरल नर्सिंग अँड मिडवाइफरी, तीन वर्षांचं. त्यालाही आर्ट्स चालतं बरं का! बारावीला इंग्रजी विषय आणि ४० टक्के लागतात, सायन्सवाल्यांना फक्त प्राधान्य असतं. बीएस्सी नर्सिंग चार वर्षांचं, त्याला फिजिक्स-केमिस्ट्री-बायोलॉजी लागतं, त्यामुळे तो रस्ता आत्ता तुला नाही. पण एएनएमची नोंदणी झाली की पुढं जीएनएमला जाता येतं, आणि जीएनएमनंतर दोन वर्षांचं पोस्ट बेसिक बीएस्सी असतं. प्रवेशाची पद्धत आणि तारखा मात्र त्या वर्षीच्या सरकारी सूचनेतच बघायच्या, संस्थेच्या तोंडी सांगण्यावर जायचं नाही.

एएनएमला 'छोटी नर्स' म्हणतात लोक. त्यांना उपकेंद्र माहीत नसतं. सपाटीवरच्या भागात साधारण ५,००० लोकसंख्येला एक उपकेंद्र. तिथल्या गरोदर बाया, तान्ही बाळं, टीबीचे औषध चालू असलेले, बीपी-शुगरवाले, सगळ्यांची खबर आरोग्य सेविकेला असते.

लसीकरणाच्या सेशनचंच उदाहरण घे. सकाळी फ्रीजरमधून काढलेले आइसपॅक लगेच लसींच्या कॅरियरमध्ये (थंड डब्यात) घालायचे नाहीत. बाहेर ठेवून त्यांना घाम फुटू द्यायचा, हलवून आत पाण्याचा आवाज येतो का ते बघायचं, मगच भरायचे. का? पेंटा (पाच रोगांची एकत्र लस), हिपॅटायटिस बी, टीडी (धनुर्वात-घटसर्प) या लसी गोठल्या की वाया जातात, आणि वरून बघून ते कळत नाही. गोवर-रुबेला आणि बीसीजीची (टीबीच्या लसीची) कुपी एकदा तिच्या सोबतच्या द्रावात कालवली की चार तासांच्या आत वापरायची, उरली तर टाकून द्यायची. गावात बाया शेतावरून उशिरा येतात, "एवढं एक लेकरू घ्या की सिस्टर" म्हणून हातापाया पडतात. तरी शिळ्या कुपीतून भरायचं नाही. त्या लसीत जंतू वाढू न देणारं औषध नसतं, आणि तशी लस टोचून बाळं दगावलेली आहेत. नवी कुपी फोडायची. एका लेकरासाठी फोडली तरी चालते.

बीसीजीची सुई तर हाताला वळण लागेपर्यंत जमत नाही. डाव्या दंडावर, कातडीच्या आतच, महिन्याच्या आतल्या बाळाला ०.०५ मिली. बरोबर गेली की छोटा पांढरट फुगवटा येतो. खोल गेली तर येत नाही. हे फळ्यावर शिकता येत नाही. म्हणून शाळा निवडताना इमारत आणि कॉम्प्युटर लॅब बघू नकोस. मुलींना कुठल्या रुग्णालयात पाठवता, तिथं बाळंतपणं होतात का, कुठल्या प्राथमिक आरोग्य केंद्राशी जोडलेले आहात, हे विचार. आणि शक्य झालं तर दुसऱ्या वर्षाच्या मुलींना गेटबाहेर गाठून विचार. त्या खरं सांगतात.

अजून एक. तुला तेलुगू येतं, मराठी येतं. कानडी थोडंफार कळत असेल तर ते वाढव. अक्कलकोटच्या सीमेवरच्या गावात कानडीत बोलणारी सिस्टर आणि न बोलणारी सिस्टर यांत फार फरक पडतो. लोहाच्या गोळ्या चहाबरोबर घेऊ नको, शौचाला काळी झाली तर घाबरू नको, हे सासूलाही तिच्या भाषेत सांगावं लागतं. नाहीतर गोळ्या फडताळात राहतात आणि नवव्या महिन्यात बाईचं हिमोग्लोबिन सातवर असतं.

माझं मत विचारशील तर घरी तीन वर्षं झेपणार असतील तर जीएनएम कर, कारण मोठ्या रुग्णालयात अधिपरिचारिका (स्टाफ नर्स) होता येतं. आजीच्या ड्रेसिंगसारखं वॉर्डातलं काम तुझ्या मनात आहे असं दिसतं. नसेल झेपत तर एएनएम बिनधास्त कर. एक गोष्ट आधीच सांगते, कायम नोकरी लगेच मिळेल असं धरून चालू नकोस. बऱ्याच मुली आधी कंत्राटी किंवा खाजगीत काढतात.

जीएनएम दुसरं वर्ष:
अक्कांनी सगळं सांगितलंच आहे, मी एवढंच जोडतो. (हो, मुलगा आहे. एएनएम आम्हाला नसतं, म्हणून जीएनएम.) आमची पुस्तकं इंग्रजीत आहेत. मी पण मराठी माध्यमाचा, पहिले काही महिने ॲनाटॉमीचं एक पान वाचायला संध्याकाळ जायची. शब्दांची वही केली, वॉर्डात केसपेपरवर तोच शब्द दिसला की तिथंच पाठ व्हायचा. दुसरं म्हणजे वॉर्डातली पोस्टिंग सुरू व्हायच्या आधी हिपॅटायटिस बीचे तीन डोस घे. ०, १ आणि ६ महिने असे असतात, म्हणून आत्तापासूनच सुरू कर. आणि वापरलेल्या सुईला परत टोपण लावायची सवय कधीच लावून घेऊ नको. हब कटरला सुई कापायची, मग डबा.

डॅलसकर, मूळ भवानी पेठ:
अमेरिकेच्या भागाचं उत्तर मी देते. माझी वहिनी इकडे याच कामात आहे. एलपीएन म्हणजे लायसन्स्ड प्रॅक्टिकल नर्स. टेक्सास आणि कॅलिफोर्नियात तिलाच एलव्हीएन म्हणतात. शिक्षण साधारण वर्षभराचं असतं हे खरं, पण ते राज्याच्या नर्सिंग बोर्डाने मान्य केलेलं असावं लागतं आणि त्यात रुग्णालयातलं प्रत्यक्ष काम असतं. मग एनसीएलईएक्स-पीएन नावाची परीक्षा. संगणकावर, पाच तासांची मुदत, कमीत कमी ८५ आणि जास्तीत जास्त १५० प्रश्न, आणि तुमच्या उत्तरांवरून पुढचा प्रश्न किती अवघड येणार ते ठरतं. ती पास झाल्यावर राज्य परवाना देतं. औषधं देणं, ड्रेसिंग, बीपी-शुगर तपासणं, कॅथेटर अशी कामं, आरएनच्या (रजिस्टर्ड नर्सच्या) किंवा डॉक्टरच्या देखरेखीखाली. वहिनी वृद्धांच्या नर्सिंग होममध्ये आहे, एका पाळीत पुष्कळ जणांची औषधं तिच्या हातून जातात.

म्हणजे छोटा कोर्स असला तरी परवाना आहेच, तो चुकत नाही. बाहेरून येणाऱ्या नर्सचं शिक्षण आधी तपासलं जातं. व्हिसासाठी व्हिसास्क्रीन नावाचं प्रमाणपत्रही लागतं. आणि मुख्य मुद्दा: ग्रीन कार्डसाठी ज्या व्यवसायांना 'शेड्यूल ए' यादीत सवलत आहे, त्यात आरएन आहे, एलपीएन नाही. भारतातून नर्सेस येतात त्या बहुतेक जीएनएम किंवा बीएस्सी करून, अनुभव घेऊन, आरएनची परीक्षा देऊन. सहा महिन्यांच्या सर्टिफिकेटवर एलपीएन म्हणून पाठवतो म्हणणाऱ्याने आजवर कुणाला पाठवलं, त्या मुलीशी फोनवर बोलायला माग.

विडी घरकुल:
सगळ्यांचे खूप आभार. काल पप्पांना घेऊन त्या संस्थेत गेले. मान्यतेचं पत्र दाखवा म्हटलं तर भिंतीवरची फ्रेम दाखवली. त्यात आयएसओ लिहिलंय आणि दुसऱ्या कागदावर ट्रस्टचा नोंदणी नंबर आहे. 'आमची पण सरकारी नोंदणीच आहे' म्हणाले. पाठवलेल्या मुलीचा नंबर मागितला तर ऑफिसमधल्या मॅडम चिडल्या. आम्ही पैसे न भरता आलो. पण ट्रस्टची नोंदणी म्हणजे काहीच नाही का? आणि अम्माचा एक प्रश्न आहे अक्का, ती म्हणते रात्रपाळीला पोरीला कसं पाठवायचं, लग्नाचं कसं व्हायचं. मला काय बोलावं कळलं नाही.

निवृत्त आरोग्य सहाय्यिका:
पप्पांना घेऊन गेलीस हे फार चांगलं केलंस.

ट्रस्टची नोंदणी म्हणजे संस्था अस्तित्वात आहे एवढंच. आयएसओ कशालाही मिळतं. तुला बघायची आहे ती महाराष्ट्र परिचर्या परिषदेची मान्यता, त्या शाळेला, त्या कोर्सला, त्या वर्षासाठी, आणि किती जागांना ते. परिषदेच्या संकेतस्थळावर शाळांची यादी असते. भारतीय परिचर्या परिषदेच्याही यादीत नाव आहे का ते बघ, बाहेरच्या राज्यात किंवा देशात जायचं मनात असेल तर ते महत्त्वाचं. शाळेनं दिलेल्या छापील कागदावर विश्वास ठेवू नकोस, यादी स्वतः उघडून नाव जुळव.

आता अम्मांसाठी. ताई, तुमची काळजी मला कळते, माझ्या आईनेही हेच विचारलं होतं. रात्रपाळी असते, हे लपवत नाही. शिकताना शाळेची ट्यूटर आणि वॉर्डाच्या सिस्टर असतात, मुली गटानं जातात, बहुतेक शाळांना वसतिगृह असतं. वसतिगृह स्वतः जाऊन बघा, वॉर्डनशी बोला, रात्री मुली वॉर्डातून परत कशा येतात ते विचारा. नोकरीत उपकेंद्राच्या गावी राहावं लागतं, रात्री दार वाजतं, आषाढीला पंढरपुरात ड्युटी लागते आणि घरचा सण राहून जातो. माझी दोन्ही मुलं सासूबाईंनी सांभाळली, ते नसतं तर जमलं नसतं. पण महिन्याचा पगार माझ्या नावावर यायचा. लग्नाच्या बैठकीत माझी नोकरी लिहून घेतली गेली होती, सोडणार नाही म्हणून. तुमची लेक आजीच्या उशाशी रात्र-रात्र बसली ना सिव्हिलमध्ये? तिथं तेव्हा ड्युटीवर असलेल्या मुलीही कुणाच्या तरी लेकीच होत्या. एकदा तिला घेऊन जा आणि त्या तेलुगू बोलणाऱ्या सिस्टरशी तुम्हीच बोला.

पैशाचं: तुमचं विडी कामगार ओळखपत्र शोधून ठेवा. विडी कामगारांच्या मुलांना केंद्राच्या कामगार कल्याण विभागाची शिष्यवृत्ती असते, अर्ज राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर होतो. बाळा, उत्पन्नाचा दाखला, रहिवासी दाखला, जातीचा दाखला लागू असेल तर तो, आणि दहावी-बारावीची मूळ गुणपत्रकं एका पिशवीत घाल. दाखल्यांना वेळ लागतो, यादी लागल्यावर धावपळ करून होत नाही. बँक खातं आधारला जोडलंय का तेही बघून घे. शाळांची नावं काढलीस की इथं टाक, माझ्या ओळखीच्या ट्यूटर आहेत, कुठल्या शाळेच्या मुलींना वॉर्डात खरंच काम मिळतं ते मी विचारून सांगते.