उतारावर रिजेन गायब: गाडीने सांभाळायचं की चालकाने?

घाटवेडा
परवा महाबळेश्वरहून आंबेनळी घाटाने पोलादपूरला उतरलो. इलेक्ट्रिक गाडी रात्रभर हॉटेलात चार्जिंगला होती, सकाळी १०० टक्के. रिजेन, म्हणजे मोटरनेच गाडी आवरून त्यातून होणारी वीज बॅटरीत परत भरायची सोय, सगळ्यात वरच्या पातळीवर. एरवी अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढला की गाडी लगेच आवरते. घाटातल्या पहिल्या मोठ्या वळणाला पाय काढला तर गाडी न्यूट्रलला टाकल्यासारखी सुटली. ब्रेक मारून वळण निभावलं, पण मागे बसलेल्या आईने माझी सीट जी घट्ट धरली ती खाली पोहोचेपर्यंत सोडली नाही. 'रिजेन मर्यादित' ही स्क्रीनच्या कोपऱ्यातली बारीक ओळ मला वाडा कुंभरोशीला चहाला थांबल्यावर दिसली.

भरलेल्या बॅटरीत आणखी वीज घालता येत नाही, हे समजतं. पण गाडीला ते आधीच माहीत असतं. मग तिनेच साधे ब्रेक लावून पायाची सवय सांभाळावी. टेस्लाने २०२२ मध्ये तसा पर्याय दिला. तो सगळ्या गाड्यांना सक्तीचा करा.

गॅरेजकाका
अजिबात पटलं नाही. घाटात ब्रेक गाडीने परस्पर लावायचे? तुमचा पाय पेडलवर नाही, मग पॅड किती वेळ घासताहेत हे तुम्हाला कळणार कसं?

हिशेब बघा. १६०० किलोची गाडी, उतार अंदाजे १२०० मीटर, म्हणजे ५ युनिटच्या वर ऊर्जा. त्यातली बरीच टायर आणि हवा खातात, तरी २-३ युनिट उरतात. रिजेन नसेल तर ती सगळी डिस्क तापवणार. लायनर जळल्याचा वास आला की घाटात काय होतं ते मी तीस वर्षं बघतोय. डिझेल गाडी निदान गिअरवर धरता यायची. इथे तोही आधार नाही. त्यामुळे आपण किती ब्रेक मारतोय हे चालकाला पायाने कळलंच पाहिजे.

टोरांटोकर
मी घाटवेडा यांच्या बाजूने. इथे जानेवारीत बॅटरी निम्मी असली तरी सकाळी रिजेन जवळपास नसतंच. गारठलेल्या सेलमध्ये जोरात वीज भरली तर आत लिथियमचा थर साचतो, म्हणून गाडीच ते रोखते. बॅटरी गरम झाली की हळूहळू परत येतं. म्हणजे घरून निघताना एक गाडी आणि ऑफिसला पोहोचताना दुसरी. रस्त्यावर बर्फ असताना हा फरक जिवावर बेततो. गाडी स्वतः ब्रेक लावते ती सोय चालू केल्यापासून पेडल रोज सारखं लागतं.

गॅरेजकाका
सपाट शहरात लावा की, तिथे डिस्क तापत नाहीत. माझं म्हणणं सलग ३०-४० किलोमीटरच्या उताराबद्दल आहे.

वाईकर
मुळात वर १०० टक्के भरायचंच कशाला? शेवरले बोल्टमध्ये 'हिलटॉप रिझर्व्ह' नावाची सोय होती, डोंगरावर राहणाऱ्यांसाठी. चार्जिंग ९० टक्क्यांच्या आसपास थांबायचं. ३० युनिटच्या बॅटरीत १० टक्के जागा म्हणजे ३ युनिट. काकांचा आकडा त्यात बसतो.

घाटवेडा
माझ्या गाडीत मर्यादा लावायची सोयच नाही. पहाटे उठून प्लग काढायचा का? शिवाय माझी बॅटरी एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) प्रकारची, ती अधूनमधून पूर्ण भरा असं कंपनीच सांगते. आणि उतारावर वीज जवळपास खर्चच होत नाही, त्यामुळे शंभराचे पंच्याण्णव होऊन रिजेन परत येईल म्हणून वाट बघण्यातही अर्थ नाही.

काका, लांब उताराबद्दल तुमचं पटलं. तिथे सक्ती नको. पण मग गाडीने सुरू होतानाच मोठ्याने बोलून सांगावं, 'आज रिजेन नाही'. कोपऱ्यातली ओळ चालणार नाही.

गॅरेजकाका
आवाजाला माझी ना नाही. पण ब्रेकवर पाय ठेवून उतरू नका. दाबा, वेग उतरवा, सोडा, डिस्कला गार व्हायला वेळ द्या. आणि पोलादपूरला पोहोचलात की चाकाजवळ हात नेऊन धग बघा, डिस्कला लावू नका.