९९.४ टक्के ॲक्युरसीचं मॉडेल खऱ्या मोटरवर तोंडघशी पडलं. चुकलं कुठे?

शाफ्टवाली:

एम.टेक.चं शेवटचं वर्ष. प्रकल्प असा की मोटरच्या व्हायब्रेशनवरून बेअरिंग बिघडलंय का आणि नेमकं कुठे, हे ओळखायचं. सगळे घेतात तोच केस वेस्टर्न रिझर्व्ह विद्यापीठाचा डेटा घेतला. २ हॉर्सपॉवरची मोटर, ६२०५ बेअरिंग, मुद्दाम केलेले ०.००७, ०.०१४ आणि ०.०२१ इंचाचे खड्डे, लोड ० ते ३ हॉर्सपॉवर. १२ किलोहर्ट्झने (सेकंदाला १२ हजार नमुने) घेतलेला सिग्नल, १०२४ नमुन्यांची विंडो (म्हणजे तुकडा), दर वेळी २५६ नमुने पुढे सरकवलेली. चांगलं बेअरिंग धरून १० वर्ग. सगळ्या विंडो पत्त्यांसारख्या पिसल्या, ८० टक्के ट्रेनिंगला, २० टक्के टेस्टला. साधं सीएनएन (एक प्रकारचं न्यूरल नेटवर्क), ॲक्युरसी ९९.४. गाईड खूश, मी त्याहून खूश.

मग लॅबमधल्या मोटरवर लावलं. सहा पोलची मोटर, वेग बदलणाऱ्या ड्राइव्हवर चालते, ९६० आरपीएम, बेअरिंग ८ बॉलचं, सॅम्पलिंग २५.६ किलोहर्ट्झ. नवं कोरं बेअरिंग बसवलं तर मॉडेल म्हणतं, बॉलमध्ये ०.०१४ इंचाचा दोष, खात्री ९७ टक्के. आउटर रेसवर (बाहेरच्या कड्यावर) खरोखर खड्डा असलेलं बसवलं, तरी तेच, खात्री ९८. वैतागून मोटर बंद ठेवून सिग्नल दिला. बॉल!

मॉडेल घोकंपट्टी करत असेल म्हणून ड्रॉपआउट वाढवून, लेयर कमी करून झाले. सहा आठवडे उरलेत. ट्रान्सफर लर्निंग (शिकलेलं मॉडेल नव्या डेटावर थोडं पुन्हा शिकवणं) करू का?

---

टेन्सरतात्या:

सीएनएन आता जुनं झालं. ट्रान्सफॉर्मर मॉडेल लावून बघा, आणि डेटा ऑगमेंटेशन करा. फरक पडेल.

---

ग्रीसगन:

फरक पडेल, बॉलमधल्या दोषाची खात्री ९९ होईल.

शाफ्टवाली, मी कोडवाला नाही. बावीस वर्षं यंत्रांना कान लावून बसलोय, तेवढ्या अधिकारात सांगतो. ट्रान्सफर लर्निंग राहू द्या, आधी कागद-पेन्सिल घ्या. १२ किलोहर्ट्झला १०२४ नमुने म्हणजे ८५ मिलिसेकंद. केस वेस्टर्नची मोटर बिनलोड १७९७ आरपीएमने फिरते, एक फेरा ३३ मिलिसेकंदांचा. म्हणजे विंडोत अडीच फेरे. त्या बेअरिंगमध्ये आउटर रेसच्या खड्ड्यावरून दर फेऱ्याला ३.५८ वेळा बॉल जातो, म्हणजे नऊएक ठोके. ठीक आहे.

आता तुमची मोटर. ९६० आरपीएमला एक फेरा ६२.५ मिलिसेकंदांचा. २५.६ किलोहर्ट्झला तुमचे १०२४ नमुने किती वेळाचे? ४० मिलिसेकंद. शाफ्टचा एक फेरासुद्धा पुरा होत नाही! ठोके कसेबसे दोन. दोन टाळ्या ऐकवून ताल ओळखायला सांगताय तुम्ही त्या मॉडेलला.

कामचलाऊ हिशेब लक्षात ठेवा: बॉलची संख्या गुणिले सेकंदाचे फेरे, त्याच्या ०.४ पट आउटर रेसची वारंवारता आणि ०.६ पट इनर रेसची. तुमच्याकडे ८ गुणिले १६, म्हणजे साधारण ५१ आणि ७७ हर्ट्झ. नेमके आकडे बेअरिंगच्या मापांवरून काढा. मग १० सेकंदांचं सलग रेकॉर्डिंग घ्या, काही किलोहर्ट्झच्या वरच्या पट्ट्यात फिल्टर करा, एनव्हलप (ठोक्यांचा जोर कसा चढतो-उतरतो ती रेघ) काढा आणि त्याचा स्पेक्ट्रम (कोणत्या वारंवारतेला किती जोर) बघा. मॉडेल नंतर. दोष तुमच्या डोळ्यांना दिसला, तर मॉडेलला दिसण्याची आशा.

आणि सेन्सर कसा बसवलाय? चुंबकाने, रंगावर, असं असेल तर रंग खरवडा. खड्ड्याचा ठोका बेअरिंगच्या घराला काही किलोहर्ट्झमध्ये वाजवतो. रंगाच्या थरावर डुगडुगणारा चुंबक नेमकं तेच गिळून टाकतो.

---

विदाविक्षिप्त:

ग्रीसगन यांनी मोटरकडचं सांगितलं, मी त्या ९९.४ बद्दल बोलतो. तो आकडा खोटा नाही, पण त्याने दुसरंच काहीतरी मोजलंय.

१०२४ ची विंडो २५६ ने सरकली की शेजारच्या दोन विंडोंत ७६८ नमुने तेच असतात. मग तुम्ही पिसलंत. टेस्टमधल्या जवळजवळ प्रत्येक विंडोची सख्खी बहीण ट्रेनिंगमध्ये जाऊन बसली. पेपर फुटलेली परीक्षा आहे ती. विंडो एकमेकींवर न चढवता कापल्या तरी भागत नाही, कारण रेकॉर्डिंग तेच, बेअरिंग तेच, सेन्सर त्याच जागी.

बरेच जण इथे 'फाइलप्रमाणे वाटा' म्हणून थांबतात. खरी मेख पुढे आहे. त्या डेटात एकेक दोष आणि एकेक माप म्हणजे एकेक ठराविक बेअरिंग. तेच वेगवेगळ्या लोडवर फिरवलंय. त्यामुळे १० वर्ग ठेवले, तर मॉडेल दोष ओळखतंय की 'हे ते तिसरं बेअरिंग' असं ओळखतंय, हे तुम्हाला कळणारच नाही. वर्ग चार करा: चांगलं, इनर, आउटर, बॉल. ०.००७ आणि ०.०२१ वर शिकवा, ०.०१४ वर तपासा. सायकिट-लर्न या पायथन लायब्ररीत ग्रुपकेफोल्ड आहे, त्याला गट म्हणून बेअरिंग द्या. चांगल्या वर्गाच्या मात्र चारच फाइली आहेत, लोडमागे एक. तिथे बेअरिंग वेगळं काढताच येत नाही, हे प्रबंधात सरळ लिहून टाका. वेगवेगळी बेअरिंगं हवी असतील तर पाडरबॉर्न विद्यापीठाचा डेटा बघा. ३२ बेअरिंगं आहेत, त्यातली ६ निर्दोष, आणि बिघडलेल्यांपैकी काही मुद्दाम खराब केलेली नाहीत, चालवून चालवून झिजवलेली.

२०१५ मध्ये स्मिथ आणि रँडल यांनी केस वेस्टर्नच्या नोंदी एकेक करून जुन्या पद्धतीने तपासल्या होत्या. काही नोंदींत, विशेषतः बॉलच्या, दोषाची खूण नीट सापडतच नाही. तिथेही कोणी ९९ काढत असेल, तर ते मॉडेल काय ऐकतंय असा प्रश्न पडायला हवा.

मी स्वतः हे भोगलंय. एका पंपावर माझं मॉडेल 'बिघाड' अगदी बिनचूक सांगायचं. आठवड्यानंतर कळलं, चांगली रेकॉर्डिंगं एका केबलने घेतली होती आणि बिघाडाची दुसऱ्या. दुसरीचं शील्डिंग तुटलेलं. मॉडेल केबल ओळखत होतं. मी तोवर दोन सादरीकरणं करून बसलो होतो.

---

शाफ्टवाली:

चार वर्ग केले, बेअरिंगप्रमाणे वाटणी केली. ॲक्युरसी ६३. रात्री गाईडना मेसेज लिहिला आणि पुसला, तीन वेळा. चौथ्यांदा पाठवला. ते म्हणाले, 'हा आकडा मला पटतो.'

रंग खरवडला. आमच्या बेअरिंगच्या मापांवरून आउटर रेसचे दर फेऱ्याला ३.०५ ठोके येतात, म्हणजे ४८.८ हर्ट्झ. खराब बेअरिंगच्या एनव्हलपमध्ये ४९ च्या किंचित अलीकडे सुळका दिसतोय! मिळालं ना?

---

ग्रीसगन:

थांबा. ४९ म्हणजे विजेच्या ५० हर्ट्झला खेटून.

---

शाफ्टवाली:

वेग ७२० आरपीएमवर आणला. सुळका ३६.६ ला सरकला. विजेचा असता तर ५० लाच राहिला असता ना?

---

ग्रीसगन:

थेट लाइनवर असती तर राहिला असता. तुमची मोटर ड्राइव्हवर आहे. वेग कमी केलात म्हणजे ड्राइव्हने वारंवारताच उतरवली. सहा पोलला ती शाफ्टच्या तिप्पट, वर थोडी स्लिप (शाफ्ट विजेच्या मागे पडतो ती तूट). तुमचं बेअरिंग ३.०५ पट. दोघं हातात हात घालून खाली येणार.

पूर्ण वेगात असताना पुरवठा एकदम तोडा, ब्रेक न लावता मोटरला आपोआप थांबू द्या, आणि रेकॉर्डिंग चालू ठेवा. विजेचं असेल ते त्याच क्षणी जाईल. बेअरिंगचं असेल ते शेवटच्या फेऱ्यापर्यंत रडत राहील.

---

शाफ्टवाली:

केलं. पुरवठा तोडल्यापासून १४ सेकंदांत मोटर थांबली. एनव्हलपचा स्पेक्ट्रोग्राम (वेळेबरोबर बदलणारा स्पेक्ट्रम) काढला. १०० च्या आसपास एक बारीक आडवी रेघ होती, ती पुरवठा तुटताच कापल्यासारखी गेली. ४९ वाली राहिली. वेगाबरोबर वाकत वाकत खाली आली, तिच्या वर दुप्पट आणि तिप्पट वारंवारतेच्या दोन फिकट रेघा, त्याही तशाच वाकलेल्या. १५ हर्ट्झच्या खाली गोंगाटात हरवल्या.

हेच नव्या बेअरिंगवर केलं. १०० ची रेघ आहे, वाकणारी एकही नाही.

उद्या विंडो वेळेवर न कापता शाफ्टच्या फेऱ्यांवर कापणार आहे, दर विंडोत २० फेरे. टॅकोमीटर लॅबच्या कपाटात आहे, किल्ली कोणाकडे आहे ते शोधायचंय.